कागदावरचा तह आणि कर्जबाजारी सरदार

८ एप्रिल १७८३ ची सकाळ. मुंबईहून तीन दिवसांपूर्वी निघालेलं ‘रेंजर’ नावाचं कंपनी सरकारचं बारा तोफांचं जहाज विजयदुर्गाजवळच्या पाण्यात होतं. इंग्रज विजयदुर्गाला घेरिया म्हणत, शेजारच्या गिर्ये गावावरून. उजाडलं तेव्हा जहाजावरच्या लोकांना दिसलं, की आपण पेशव्यांच्या आरमाराच्या अगदी जवळ आलो आहोत. दोन मोठी जहाजं, एक मधलं आणि आठेक गलबतं. आरमाराचे सुभेदार होते आनंदराव धुळप.

‘रेंजर’वर तीन बडे लष्करी अधिकारी होते. तिघांपैकी दोघे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले कुळप्रमुख, म्हणजे आपल्या भाषेत पिढीजात वतनदार. कर्नल हंबरस्टन हा मॅकेंझींचा प्रमुख, आणि कर्नल नॉर्मन मॅक्लाउड हा स्काय बेटावरच्या मॅक्लाउडांचा. तिसरा मेजर शॉ. मॅक्लाउडला मुंबई कौन्सिलने नुकतीच ब्रिगेडियर जनरलची जागा देऊन कानडा किनाऱ्यावरच्या फौजेचा मुख्य नेमलं होतं, आणि तो तिकडेच निघाला होता.

मराठे आणि इंग्रज यांच्यात तेव्हा तह होता. सालबाईचा तह १७ मे १७८२ ला झाला, डिसेंबरात नाना फडणिसांनी तो मान्य केला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये कागदांची रीतसर अदलाबदलही झाली. तरीही त्या सकाळी तोफा सुटल्या. काही तासांनी शॉ मेला होता, हंबरस्टन मरणाच्या दारात होता, मॅक्लाउडच्या अंगात बंदुकीच्या गोळ्या शिरल्या होत्या आणि धुळपांनी ‘रेंजर’ विजयदुर्गात नेलं होतं.

आपल्याकडे हा प्रसंग आला तर धुळपांच्या पराक्रमाच्या यादीत एका ओळीत येतो. इंग्रजांच्या पुस्तकांत तो मराठ्यांच्या दगाबाजीच्या यादीत असतो. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. स्कॉटलंडच्या वायव्य टोकाच्या एका बेटाचा एकोणतीस वर्षांचा मालक, ऑक्सफर्डला शिकलेला, घरी बायको असलेला, हा माणूस विजयदुर्गापाशी गोळी खायला आलाच का? त्याचं उत्तर शोधायला अकरा वर्षं मागे जावं लागतं, आणि ते लढाईत सापडत नाही, सावकाराच्या वहीत सापडतं.

आजोबांची वही

मॅक्लाउडांची गादी डनव्हेगनची. समुद्रात शिरलेल्या काळ्या खडकावर किल्ला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचा दरवाजा फक्त समुद्राच्या बाजूला. स्कायचा मोठा भाग, समोरचं हॅरिस बेट, मुख्य भूमीवरचं ग्लेनेल्ग, एवढा पसारा. प्रमुखाखाली त्याचे भाऊबंद मोठमोठे तुकडे खंडाने घेऊन बसलेले. त्यांना तिकडे टॅक्समन म्हणत. आपल्याकडच्या खोतासारखाच मधला माणूस: वर मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, खाली कुळांकडून वसूल करायची, आणि पूर्वीच्या काळी लढाई निघाली की माणसं घेऊन हजर व्हायचं.

नॉर्मनचे आजोबा, त्यांचंही नाव नॉर्मनच, इन्व्हर्नेस परगण्याचे पार्लमेंटातले सभासद होते. लोकांनी त्यांना ठेवलेलं नाव होतं ‘दुष्ट माणूस’. १७३९ मध्ये स्काय आणि हॅरिसमधली माणसं, बायका-मुलांसकट, रात्री उचलून एका जहाजात कोंबली गेली. अमेरिकेत वेठीला विकायची म्हणून. जहाज उत्तर आयर्लंडच्या डोनघाडी बंदराला लागलं तेव्हा ती माणसं सुटली आणि बोभाटा झाला. या धंद्यात दोन बेटमालकांची नावं आली: मॅकडोनाल्ड आणि आमचे हे आजोबा. पुढे १७४५ च्या बंडात, ब्रिटनच्या तख्तावर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्सच्या बाजूला न जाता ते सरकारच्या बाजूला राहिले. गादी वाचली. पण गादी वाचवणाऱ्याला ती चालवता येतेच असं नाही. राहणी एडिंबरा-लंडनच्या तोलाची आणि उत्पन्न गुरं-ढोरं नि ओटच्या शेताचं. १७७२ मध्ये ते वारले तेव्हा डोक्यावर सुमारे ५०,००० पौंडांचं कर्ज होतं. मुलगा त्यांच्याआधीच गेलेला, त्यामुळे ओझं थेट अठरा वर्षांच्या नातवावर आलं.

वर्षही वाईट होतं. थोड्या वर्षांपूर्वी खंड वाढवलेला, मागचे हिवाळे कडक गेलेले, गुरं मेलेली. माणसं चंबूगबाळं आवरून अमेरिकेची वाट धरत होती. आजोबांनी माणसं विकायला काढली होती. आता माणसं स्वतःच पैसे मोजून जात होती.

इथे त्या पोराने जे केलं ते मला फार आवडतं. त्याने लोकांना एकत्र बोलावलं आणि घराण्याची खरी स्थिती त्यांच्यापुढे मांडली. कर्ज किती आहे ते सांगितलं. वाढीव खंड काही काळ सोसा, पडत्या काळात साथ द्या, बरे दिवस आले की मी विसरणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय. लोकांनी मानलं. पुढे त्याने स्वतःच हे लिहून ठेवलं आहे, त्यामुळे थोडं मीठ-मसाल्यासकट घ्यावं. पण अनेक जण राहिले हे खरं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १७७३ मध्ये, डनव्हेगनला दोन पाहुणे आले: इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते डॉ. सॅम्युएल जॉन्सन आणि त्यांचा सावलीसारखा सोबती जेम्स बॉझवेल. आठवडाभर मुक्काम झाला. बाहेर पाऊस आणि वारा, आत हरणाचं मांस, चहा आणि फ्रेंच मद्य. लंडन सोडलं की तोंड वाकडं करणारे जॉन्सन इथे इतके रमले, की आपल्याला निघायचं आहे हेच विसरायला झालं, असं त्यांनी नंतर लिहिलं. चौसष्टावा वाढदिवस त्यांनी तिथेच काढला. किल्ल्यात पूर्वज रोरी मोर याचं एक बैलाचं शिंग आहे. त्यात दीड बाटलीच्या आसपास मद्य मावतं, आणि नव्या प्रमुखाने ते एका दमात रिकामं करायचं अशी परंपरा. पाहुण्यांना ते दाखवलं गेलं.

याच मुक्कामात जेवणाच्या वेळी एक वाद झाला. नॉर्मनची आई म्हणाली, या खडकावर धड बाग होत नाही, गैरसोय सगळी. पाच मैलांवर चांगली जमीन आहे, तिथे घर बांधावं. बॉझवेल उसळलाच. एकदा हा खडक सोडलात तर घराणं कुठे ठरेल सांगता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. बाईंचा मुद्दा व्यवहाराचा होता आणि बॉझवेलचा पाहुण्याचा. पाहुण्याला बाग करायची नसते, बुरूज बघायचा असतो. पण मालकाला दोन्हींची किंमत भरायची होती, आणि तो एकोणिसाव्या वर्षी गप्प बसून ऐकत होता.

तलवारीवर काढलेलं कर्ज

कर्ज फेडायला अशा घराण्याच्या तरुणापुढे तेव्हा मोजके मार्ग होते. जमीन विकणं, श्रीमंत बायको करणं, किंवा सैन्यात जाणं. सैन्यात पगारापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी होती: कुळप्रमुखाला आपली माणसं भरती करून देता आली की हुद्दा मिळे. म्हणजे प्रजा हेच भांडवल. आजोबांनी ते भांडवल जहाजात कोंबून विकायला काढलं होतं, नातू ते लाल डगला घालून राजाला देत होता. फरक मोठा आहे. पण तितका मोठा नाही, हेही म्हणायला हवं.

नॉर्मनने मालमत्ता विश्वस्तांच्या हवाली केली आणि फ्रेझर हायलँडर्स पलटणीत कॅप्टन झाला. १७७६ मध्ये बायको मेरीला घेऊन तो अमेरिकेला निघाला. इंग्रजांनी मार्च महिन्यात बोस्टन सोडलं होतं, ही बातमी समुद्रावरच्या जहाजांना नव्हती. पलटणीची जहाजं सरळ शत्रूच्या बंदरात शिरली आणि मॅक्लाउड नवरा-बायको कैदी झाले. कैदेत जॉर्ज वॉशिंग्टनची ओळख झाली आणि ती त्याने पुढे मोठ्या आदराने सांगितली. वाचकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. किनाऱ्यावर एक परिस्थिती, जहाजावर दुसरीच, आणि मधे न पोचलेला कागद: हे त्याच्या आयुष्यात पुन्हा व्हायचं होतं.

इकडे कर्ज वाढतच होतं. १७७९ मध्ये हॅरिस बेट १५,००० पौंडांना विकावं लागलं. घेणारा कोण? कॅप्टन अलेक्झांडर मॅक्लाउड, कुळातलाच एक दर्यावर्दी, ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘मॅन्सफील्ड’ या जहाजाचा कप्तान. हिंदुस्थानच्या फेऱ्यांत त्याने इतकं कमावलं होतं, की भाऊबंदकीतला एक जण प्रमुखाचं बेटच विकत घेऊन बसला. आपल्या गावात मुंबईहून पैसा कमावून आलेल्या माणसाने पाटलाची जमीन घेतली की पाटलाच्या ओटीवर जी शांतता पसरते, ती डनव्हेगनला पसरली असणार.

त्यातून नॉर्मनने काय धडा घेतला हे वेगळं सांगायला नको. १७८० मध्ये ब्लॅक वॉचची, म्हणजे ४२ व्या पलटणीची, दुसरी बटालियन उभी राहिली. तिचा लेफ्टनंट कर्नल नॉर्मन मॅक्लाउड. १७८१ च्या आरंभी ती जहाजांवर चढली आणि मार्च १७८२ मध्ये मुंबईला पोचली.

बिदनूरचा खजिना

त्या वेळी कंपनीचं हैदरअलीशी युद्ध चालू होतं. मलबार किनाऱ्यावरच्या पोन्नानीला मॅक्लाउडने हंबरस्टनकडून फौजेची सूत्रं घेतली. नोव्हेंबरच्या अखेरीस टिपूने पहाटेच्या अंधारात हल्ला चढवला, तो त्याने परतवला. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि टिपू गादी सांभाळायला निघून गेला. (नानांनी सालबाईच्या तहाला मान्यता दिली ती याच्या थोड्याच दिवसांनी. हैदर जिवंत असेपर्यंत नाना दोन्ही दगडांवर पाय ठेवून होते, आणि त्यात चूक काहीच नव्हती.)

मग मुंबईहून जनरल मॅथ्यूज आला, आणि जानेवारी १७८३ मध्ये घाट चढून त्याने बिदनूर घेतलं, हैदरने ज्याला हैदरनगर नाव दिलं होतं ते. किल्लेदार अयाझने ते फारसा प्रतिकार न करता दिलं. बिदनूरला मोठा खजिना होता. तो कुणाचा? लुटीचा असेल तर फौजेत वाटला पाहिजे. मॅथ्यूज म्हणे अयाझचा खाजगी आहे. अधिकारी म्हणत, जनरल हात मारतोय. मॅक्लाउड, हंबरस्टन आणि शॉ हे तिघे फौज सोडून तक्रार घेऊन मुंबईला आले.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. चढाई अर्ध्यावर असताना, टिपू उलटून येणार हे दिसत असताना, तीन वरिष्ठ अधिकारी वाटणीसाठी मुंबई गाठतात. लोभ म्हणावा तर सोपं आहे. पण दोघांच्या घरी काय चाललं होतं ते बघा. हंबरस्टननेही कर्जात बुडालेली मॅकेंझींची जमीन आपल्या चुलत घराण्याकडून अंगावर घेतली होती. या लोकांना लुटीतला हिस्सा ही चैन नव्हती, तो हप्ता होता. बिदनूरच्या तिजोरीत त्यांना स्कॉटलंडची शेतं दिसत होती. मॅथ्यूजने खरंच काही खाल्लं की नाही, यावर तेव्हापासून वाद आहे. मुंबई कौन्सिलने मात्र तक्रार मान्य केली, मॅथ्यूजला काढलं आणि मॅक्लाउडला नेमलं. ५ एप्रिलला नेमणुकीचा कागद घेऊन तिघे ‘रेंजर’वर चढले.

आता ती सकाळ

मराठी आरमाराची रीत ठरलेली होती. भर समुद्रात, चांगल्या वाऱ्यात, इंग्रजी जहाजाशी तोफांची बरोबरी करायची नाही. एप्रिलमध्ये सकाळी किनाऱ्यापाशी वारा पडतो. शिडाचं जहाज ओंडक्यासारखं पडून राहतं, आणि वल्ह्यांची गलबतं त्याच्या मागच्या बाजूला, जिथे तोफा कमी, तिथे भोवती जमतात. मग गोळीबार करत करत जवळ येऊन चिकटायचं आणि माणसं चढवायची. इंग्रजांनी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून हाच विजयदुर्ग घेतला आणि नंतर पेशव्यांना दिला. पण पाण्यावरचं ते कसब किल्ल्याबरोबर हस्तांतरित होऊन धुळपांकडे आलं होतं.

तहाची बातमी धुळपांना पोचली होती का? इंग्रजांचं म्हणणं: पोचलीच पाहिजे, आणि न बोलता-विचारता हल्ला झाला. मराठ्यांची बाजू: हुकूम आला नव्हता, आणि किनाऱ्यावरून दस्तक, म्हणजे परवाना, नसलेलं शस्त्रसज्ज जहाज जाताना सुभेदाराने काय करायचं? मला वाटतं यात खोटं कुणीच बोलत नसावं. पुणे दरबारात तह मान्य होणं वेगळं आणि विजयदुर्गाच्या सुभेदाराच्या हातात थेट आज्ञापत्र येणं वेगळं. सात-आठ वर्षं ज्यांच्याशी लढलो, ज्यांनी वसई घेतली, तेच निशाण समोर दिसतंय. आज्ञा नसेल तर हात जुन्या सवयीने चालतो. शिवाय धरलेलं जहाज म्हणजे दर्यावर्द्यांची कमाई. म्हणजे दोन्ही बाजूंना वाटणीचा हिशोब होताच.

मॅक्लाउडपुढे तीन रस्ते होते. निशाण उतरवून बोलणं लावायचं: तह आहे, पुण्याला विचारा. फार तर काही आठवडे विजयदुर्गात पाहुणचार झाला असता. दुसरा, पळणं; वारा नव्हता. तिसरा, लढणं. जहाजाचा कप्तान लेफ्टनंट प्रुएन होता, पण इतक्या मोठ्या हुद्द्याचा माणूस जहाजावर असताना निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही. पुढे एका नामवंत इंग्रज इतिहासकारानेच दोष मॅक्लाउडच्या माथी मारला: समजावून सांगायचा प्रयत्न नाही, लवकर सुटका होईल या भरवशावर शरण जाणं नाही, नुसत्या हट्टाने लढायचा हुकूम दिला.

मॅक्लाउडच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो एकदा शरण गेलेला होता. बोस्टनच्या कैदेत त्याचा हुद्दा, वेळ आणि संधी गेली होती. आता खिशात नेमणुकीचा ताजा कागद, पलीकडे फौज वाट बघतेय, आणि पुन्हा एका बंदराच्या तोंडाशी पकडलं जायचं? जो माणूस कर्जात असतो त्याला ‘काही आठवडे’ ही किंमत फार मोठी वाटते. मी त्याच्या जागी असतो तर शरण गेलो असतो. पण माझ्यावर ५०,००० पौंडांचं कर्ज नाही.

शॉ गोळी लागून जागीच मेला. मॅक्लाउडला हातातून आणि अंगातून गोळ्या गेल्या. जहाजावरच्या थोड्याच लोकांच्या अंगावर जखम नव्हती. हंबरस्टन विजयदुर्गात ३० एप्रिलला वारला, जेमतेम तिशीच्या आत. मॅकेंझींच्या वंशावळीत त्याच्या नावापुढे मृत्यूचं ठिकाण म्हणून ‘घेरिया’ लिहिलेलं असतं. स्कॉटलंडमधल्या किती वाचकांना ते कुठे आहे माहीत असेल, कोण जाणे. देवगड तालुक्यातल्या आपल्या लोकांनाही हंबरस्टन माहीत नाही, तेव्हा फिटंफाट.

पुढे पुणे दरबाराकडे लिखापढी झाली आणि मॅक्लाउड सुटला. तोवर घाटावर सगळा डाव उधळला होता. टिपू मोठी फौज घेऊन एप्रिलमध्येच बिदनूरवर आला आणि महिनाअखेरीस किल्ला त्याच्या हाती गेला. मॅथ्यूज पकडला गेला आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेत मेला. ज्या खजिन्यासाठी भांडण झालं तो कुणालाच पचला नाही. मॅक्लाउड वेळेवर पोचला असता तर बिदनूर वाचलं असतं का? नसतं. दिवस फार थोडे होते आणि टिपूची फौज फार मोठी. उलट ‘रेंजर’ विजयदुर्गाला अडकल्यामुळे श्रीरंगपट्टणच्या कोठडीतली मॅथ्यूजची जागा मॅक्लाउडला मिळाली नाही, असंही म्हणता येतं. धुळपांनी त्याला गोळी घातली आणि बहुधा वाचवलं.

मंगळूरच्या वेशीबाहेर

या प्रकरणाचा खरा दुसरा भाग नोव्हेंबरात घडला. मंगळूरचा किल्ला मे महिन्यापासून टिपूच्या वेढ्यात होता. आत मेजर कॅम्पबेल (नंतर कर्नल) आणि मॅक्लाउडची स्वतःची बटालियन. ऑगस्टपासून तहकुबी होती: लढाई थांबवायची, आणि किल्ल्याला ठरावीक शिधा मिळू द्यायचा. शिधा मिळत होता तो अपुरा आणि सडका. स्कर्व्हीने माणसांच्या हिरड्या सुजल्या, उपासमारीने संत्री पहाऱ्यावर उभे राहीनात.

नोव्हेंबरअखेर मॅक्लाउड फौज आणि रसद घेऊन मंगळूरच्या समुद्रात आला. किल्ल्यातून शिडं दिसत होती. उतरायचं तर तहकुबी मोडते, आणि दुसरीकडे कंपनीची माणसं टिपूशी तहाची बोलणी करायला निघालेली. या वेळी मॅक्लाउडने कागद पाळला. थोडं धान्य आत जाऊ दिलं गेलं, बाकीचं घेऊन तो माघारी फिरला. पुन्हा आला, पुन्हा तेच. याच काळात टिपूशी त्याचा पत्रव्यवहार इतका तापला, की टिपूने खोटं बोलल्याचा आरोप केल्यावर मॅक्लाउडने चक्क आव्हान दिलं: तुमचे शंभर निवडक पायदळ घेऊन समुद्रकिनारी या, मी माझे शंभर घेऊन येतो, तुम्ही-मी लढू, आपली माणसं आपसात लढतील. डोंगरी कुळांच्या गोष्टींत शोभणारं हे पत्र. टिपूसारखा माणूस त्याला काय भीक घालणार!

३० जानेवारी १७८४ ला मंगळूर टिपूच्या ताब्यात दिलं गेलं. कॅम्पबेल त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मुंबईत मेला. मार्चमध्ये मंगळूरचा तह झाला आणि मॅक्लाउडने मधल्या काळात तिथल्या राणीकडून, म्हणजे बिबीकडून, घेतलेलं कण्णूरही परत द्यावं लागलं.

एप्रिलमध्ये तह असताना तो लढला आणि माणसं मेली. नोव्हेंबरात तहकुबी असताना तो लढला नाही, आणि माणसं मेली. टीकाकारांनी दोन्ही वेळा त्यालाच धरलं. मला दुसऱ्या वेळची टीका जास्त अन्यायाची वाटते. पण किल्ल्याच्या तटावरून आपल्याच प्रमुखाची जहाजं परत फिरताना बघणाऱ्या स्कायच्या पोराला माझं मत सांगायची हिंमत माझ्यात नाही. ‘पडत्या काळात साथ द्या’ म्हटल्यावर ज्यांनी हो म्हटलं, त्यांच्या घरचीच पोरं ती.

उरलेलं

याच सुमारास मेरी वारली. त्याने मुंबई कौन्सिलचे सभासद स्टॅकहाउस यांची मुलगी सारा हिच्याशी लग्न केलं. १७८९ मध्ये तो परतला. पुढच्या वर्षी इन्व्हर्नेस परगण्यातून पार्लमेंटात गेला, आजोबांच्याच जागेवर, आणि सरकारपक्षाच्या आधाराने. सगळ्या स्कॉटलंडच्या परगण्यांत मिळून तेव्हा तीन हजारांच्या आत मतदार होते, आणि दोरी सरकारपक्षाच्या स्कॉटिश पुढाऱ्याच्या, हेन्री डंडासच्या, हातात. दोन वर्षांत मॅक्लाउड उलटला. राजकीय सुधारणा मागणाऱ्या ‘लोकमित्र’ संघात गेला, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभा राहिला, फ्रान्सशी युद्धाला विरोध केला, स्कॉटलंडच्या जनतेला उद्देशून जाहीर पत्रं काढली. थॉमस मुइरसारख्या सुधारणावाद्याला चौदा वर्षं काळ्या पाण्यावर पाठवण्याचा तो काळ. वतनदाराने असं बोलणं म्हणजे आपल्याच ओसरीचा खांब कापणं. वॉशिंग्टनशी झालेली ओळख त्याच्या डोक्यात राहिली असावी, असं मला उगीच वाटतं.

डंडास असताना इन्व्हर्नेसची जागा पुन्हा मिळणार नव्हती. म्हणून १७९६ मध्ये तो इंग्लंडातल्या मिलबोर्न पोर्ट या पैशावर चालणाऱ्या मतदारसंघात उभा राहिला. घराण्याच्या इतिहासात खर्चाचा आकडा १५,००० पौंड दिला आहे. हरला. म्हणजे हॅरिस बेट गेलं होतं तेवढ्याच रकमेत एक निवडणूक गेली, आणि हिंदुस्थानातून आणलेल्या पैशाचं काय झालं हे विचारायची गरज उरली नाही. शतक संपता संपता स्कायवरच्या जमिनीचेही तुकडे विकले जाऊ लागले.

१७९९ मध्ये डनव्हेगनला घराण्याचा ‘परीचं निशाण’ नावाचा जुना झेंडा ठेवलेली पेटी उघडण्यात आली. प्रमुखाच्या गैरहजेरीत, लोहाराकडून. गावात जुनं भाकीत होतं, की निशाण उघडं पडेल तेव्हा वारस अपघाताने जाईल. मार्च १८०० मध्ये इटलीच्या लिव्होर्नो बंदराजवळ ‘क्वीन शार्लट’ ही युद्धनौका पेटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांत नॉर्मनचा मोठा मुलगा होता, आरमारात लेफ्टनंट, त्याचंही नाव नॉर्मन. भाकितं बहुतेक वेळा घटनेनंतरच नीट आठवतात; पण बापाला ते कोण समजावणार. ऑगस्ट १८०१ मध्ये ग्वर्न्सी बेटावर जनरल मॅक्लाउड वारला. वय सत्तेचाळीस. कर्ज होतंच. दहा वर्षांनी त्याच्या दुसऱ्या मुलाने ग्लेनेल्ग विकलं.

त्याचा नातू, पुन्हा नॉर्मन, प्रमुख असताना १८४६ नंतर स्कायवर बटाट्याच्या रोगाने दुष्काळ पडला. शेजारचे मालक कुळांना जहाजात बसवत होते. याने धान्य विकत घेऊन हजारोंना खाऊ घातलं, आणि त्यात बुडाला. डनव्हेगन भाड्याने द्यावं लागलं. घराण्याचा हा पंचविसावा प्रमुख लंडनला गेला आणि सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला.